रुखवतातला पांढरा फळा

"क्लास सरी जास, हारुनभाई. सून थोडीच सरस?"

म्हणजे क्लास काय, आज ना उद्या संपतो. सून कुठे संपते? हे वाक्य माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं. ते माझ्यासमोर नुसतंच बोललं गेलं. लिहिलेलं असतं तर पुसता तरी आलं असतं.

बोलणारे रुपचंद नाना, जुन्या धुळ्यातल्या एका बँडचे मालक आणि मास्तर. ऐकणारे हारुनचाचा, त्यांच्याकडचे सगळ्यात जुने ट्रम्पेटवाले. शेजारी नानांचा धाकटा मुलगा समाधान क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून भिजवत बसला होता. आणि दाराआड, चहाचा ट्रे हातात घेऊन, जिच्याबद्दल हे चाललं होतं ती उभी होती. समाधानची नवी बायको, दिपमाला. हाताची मेंदी अजून उतरायची होती.

हारुनचाचा हसले. ते कशालाही हसतात, त्याचं काही नाही. पण समाधानही हसला. पत्ती तोंडात असल्यामुळे त्याचं हसू अर्धंच बाहेर आलं. अर्ध्यानंही काम झालं.

दिपमालाने ट्रेमधला एक कप सरळ केला. तो आधीच सरळ होता. मग ती आत आली आणि म्हणाली, "चहा."

तुम्ही विचाराल, एवढं सगळं बघणारा तू कोण? मी एक फळा. पांढरा. खडूचा नाही, पेनाने लिहायचा. त्या दिवशी मी त्याच खोलीत भिंतीवर होतो. ज्या घरात मी आलो त्याच घरात ती आली, एकाच टेम्पोतून. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर तिची सांगावी लागते.

माझा जन्म जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. भुशाची पाटी, वर गुळगुळीत पांढरा थर, चारी बाजूंनी अॅल्युमिनियमची पट्टी. माझ्याबरोबरचे कुठे कुठे गेले. एक खानावळीत लागला, रोज सकाळी 'आजची भाजी' सांगतो. एक दवाखान्यात आहे, 'चपला बाहेर काढाव्यात' एवढं एकच वाक्य आयुष्यभर धरून बसलाय. माझ्या वाट्याला इंग्रजी आलं. तेव्हा मला वाटलं, आपण सुटलो.

नवीपेठेत एका दुकानाच्या वर तोताराम सरांनी क्लास काढला होता. 'कलावंतांसाठी इंग्रजी'. लोक जिन्याखाली थांबून पाटी वाचायचे आणि हसत पुढे जायचे. पण सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. परदेशी वाजवायला, नाचायला, चित्रं काढायला जाणाऱ्या माणसाला बँकेतल्या साहेबाचं इंग्रजी काय कामाचं? त्याला माइकवाल्याशी बोलता आलं पाहिजे. 'माझा आवाज मलाच ऐकू येत नाही' हे सांगता आलं पाहिजे.

कल्पना सरांची होती, इंग्रजी दिपमालाचं. ती पोरगी कॉलेज संपल्या संपल्या तिथे लागली. बोलायची कमी. पेन मात्र असं धरायची की माझ्या अंगावर कधी रेघ वाकडी गेली नाही.

आखातातल्या हॉटेलात मेंदी काढायला निघालेली नाजमीन तिच्याकडे शिकली. चोपड्याच्या वरच्या डोंगरातला पावरीवाला दिवल्या शिकला. त्याच्या पावरीला हा एवढा दुधी भोपळा. विमानतळावर कुणी अडवलं तर काय सांगायचं, हे तिने त्याच्याकडून घोकून घेतलं, 'साहेब, हा भोपळा खायचा नाही, वाजवायचा आहे.' दिवल्या हसता हसता बाकावरून खाली यायचा. पण परत आल्यावर पेढे घेऊन आला. म्हणाला, "ताई, बाकी काहीच बोलायची गरज पडली नाही. तेवढ्या एकाचीच पडली."

एक वाक्य मात्र कुणीच मनापासून शिकत नसे. 'मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?' ती ते माझ्या डोक्यावर, सगळ्यात वर लिहायची आणि दिवसभर पुसू द्यायची नाही. कलावंत माना हलवायचे, पण ते म्हणायची वेळ आली की गप्प. कार्यक्रमात थांबून 'पुन्हा सांगा' म्हणणं त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं.

तिने किती जणांना असं विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. ती स्वतः नाशिकच्या पुढे गेली नव्हती. पासपोर्ट तेवढा काढला होता, सरांनी सगळ्यांकडून काढवून घेतला म्हणून. कधी कुणी नसलं की ती तो उघडून कोरी पानं चाळायची. मी पाहिलंय.

त्याच क्लासच्या जिन्यावर एके दिवशी रुपचंद नाना चढले, मागे समाधान. हातात क्लॅरिनेटची पेटी.

झालं होतं असं. धुळ्यात आग्रा रोडवर एका वरातीत बैल उधळला. वऱ्हाडी पळाले, घोडा पळाला, नवरदेव घोड्यावरच असल्यामुळे तोही गेला. बँड मात्र वाजतच राहिला. बँडचा धर्मच तसा. एकदा गाणं उचललं की थांबायचं नाही. कुणाचा सूर चुकला, कुणाचं कडवं सुटलं, तर मास्तर डावा हात वर करतात आणि सगळे पुढच्या ओळीवर उडी मारतात. कुणी तरी त्याचा व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत बेल्जियममधल्या एका गावी पोचला. तिथे म्हणे दरवर्षी रस्त्यावर वाजवणाऱ्या बँडांचा मेळा भरतो. मेळ्याच्या बाईंनी कळवलं, या. मात्र आधी व्हिडिओवर एकदा भेटू, बोलू.

वाजवायचं म्हटलं तर नाना चंद्रावरही गेले असते. बोलायचं म्हटल्यावर ते जळगावला आले.

समाधान आठवड्यातून दोनदा धुळ्याहून एसटीने यायचा. लाजाळू होता. दिपमालाने एकदा विचारलं, "तुमच्या वाद्याबद्दल इंग्रजीत चार वाक्यं सांगा." तो उभा राहिला, लाल झाला, पेटी उघडली आणि चार वाक्यांऐवजी तेवढ्या वेळात मावेल एवढी एक धून वाजवली. हळू, शेजारच्या दुकानाला त्रास होऊ नये अशी. दिपमालाने माझ्यावर नुसतंच लिहिलं, 'छान'.

पुढच्या महिन्यात नाना मागणी घेऊन आले. तिला वाटलं, त्या धूनमुळे. मलाही तसंच वाटलं होतं.

लग्न ठरलं तेव्हाच तोताराम सरांना शेळीपालनाची कल्पना सुचली आणि क्लास बंद झाला. सरांनी मला लग्नाची भेट म्हणून दिलं. तिच्या आईला काय करावं कळेना, तिने मला रुखवतात मांडलं. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला लोकरीचा ससा, मध्ये मी. वऱ्हाडातल्या बाया समोर येऊन थबकायच्या. "हे काय, पाटा शे का?" एकीने विचारलं. सासूबाईंनी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं, "इंग्रजी शे."

आणि मग तो चहाचा दिवस. त्यानंतर, ती मागणी कशासाठी होती ते दिपमालाला सगळं कळलं आणि कुणालाच कळलं नाही की तिला कळलंय.

शिकवणी सुरू झाली. सकाळी बँडची माणसं जमायची, ती मला पुसून लिहायला लागायची. पण ही माणसं माझ्याकडे बघतच नसत. डोळे मिटून ऐकायची. त्यांनी आयुष्यात नोटेशन वाचलेलं नाही. नवं गाणं आलं की मोबाइल मध्ये ठेवतात, दोनदा ऐकतात, तिसऱ्यांदा वाजवतात. इंग्रजीही त्यांनी तसंच उचललं. दिपमालाचं बोलणं चालीसकट पाठ केलं. ती जिथे श्वास घ्यायची तिथे समाधान श्वास घ्यायचा. एकदा शिकवताना तिला खोकला आला, तर दुसऱ्या दिवशी हारुनचाचा त्या जागी बरोबर खोकले.

"चाचा, तो खोकला त्यात नव्हता."

"बेटी, आमचं तोंड अल्लानं फुंकायला दिलंय, बोलायला नाही. जे ऐकलं ते वाजवलं."

"अहो, पण त्यांनी मधूनच वेगळं विचारलं तर?"

नाना म्हणाले, "बठ्ठं, सगळं जमी जाई. तू फक्त गाणं बांधी दे."

तिने बांधून दिलं. पहिला प्रश्न, त्याचं उत्तर. दुसरा प्रश्न, त्याचं उत्तर. आणि माझ्या डोक्यावर ते जुनं वाक्य, 'मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?' समाधान तेवढं गाळून बाकीचं म्हणायचा.

व्हिडिओचा दिवस उजाडला. दुपार होती, त्या वेळी वराती नसतात. मे महिन्यात सगळ्यांनी लाल कोट चढवले, सोनेरी झालरीसकट. मोबाइल मोठ्या ढोलाला टेकवला. त्याच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी दिपमाला मला दोन्ही हातांनी धरून उभी. समाधान अडखळला तर बघायला म्हणून मी.

बाई दिसल्या. नाव एल्के. केस बारीक कापलेले, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. हसऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि समाधानने असं उत्तर दिलं की मी थरारलो. दुसरं, तिसरं, तसंच. स्वच्छ, लयीत. बाई इतक्या खूष झाल्या की त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि मोकळेपणाने बोलायला लागल्या.

तिथेच घात झाला.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस असतो. पाऊस आला तर तुम्ही काय कराल?"

समाधान म्हणाला, "आमच्यात हारुनजी सर्वांत वडील असून ते चाळीस वर्षं वाजवत आहेत."

बाई म्हणाल्या, "माफ करा?"

वरातीत लोकांना ऐकू गेलं नाही तर काय करतात? जोरात वाजवतात. समाधानने तेच वाक्य जोरात म्हटलं. बाईंच्या कपाळावर आठी आली. नानांनी ती पाहिली आणि डावा हात वर केला. झालं. अख्खा बँड पुढच्या ओळीवर गेला आणि एका सुरात म्हणाला, "आपल्या सुंदर देशात येण्यास आम्ही उत्सुक आहोत!"

"तिथे सगळं ठीक आहे ना?" बाईंनी घाबरून विचारलं.

"धन्यवाद, आपणही जेवायला या!" बँड म्हणाला.

मी दिपमालाच्या हातात थरथरत होतो. ती हसत होती की रडत होती, तिचा चेहरा माझ्या पाठीमागे असल्यामुळे मला सांगता येणार नाही. तिने मला भिंतीशी टेकवलं, पदर सारखा केला आणि ढोलाला वळसा घालून मोबाइलसमोर गेली.

"एल्के, मी दिपमाला. हे लोक सगळं ऐकून शिकतात. तुम्ही मला विचारा, मी त्यांना विचारते."

मग खरं बोलणं झालं. किती अंतर चालत वाजवाल? मध्ये बसायला लागेल का? ढोलावर चामडं असेल तर त्याचा कागद हवा. थंडीत बोटं चालतील का? ती वळून विचारायची, सगळे एकदम ओरडायचे, ती त्यातून नीट उत्तर काढून परत द्यायची. पावसाचं विचारल्यावर नाना म्हणाले, "त्यांना सांग, पाणी वरून आलं तर वाजवू. पाणी खालून आलं तर पोहत वाजवू." तिने सांगितलं. बाई खळखळून हसल्या. आपला विनोद समुद्र ओलांडूनही हसवतो, हे नानांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी दिपमालाकडे असं बघितलं, जसं ते दुकानात एखाद्या नव्या, चांगल्या वाजणाऱ्या क्लॅरिनेटकडे बघतात.

शेवटी बाई काही तरी म्हणाल्या आणि दिपमाला थांबली. एवढा वेळ ती कुठेच थांबली नव्हती.

"काय म्हने?" नाना.

"त्या म्हणतात, आणखी एक माणूस आणा. दुभाषा. त्याचं बोलावणं वेगळं पाठवतील. त्या म्हणतात, मी यावं."

हारुनचाचांनी ट्रम्पेट उचललं आणि बार उडवला. अक्कांनी प्रत्येकाच्या तोंडात साखर घातली, तिच्याही. संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर तिने मला स्वच्छ पुसलं आणि मध्यभागी एक वाक्य लिहिलं. 'मी पहिल्यांदाच इथे आले आहे.' हे वाक्य तिने कितीकांना शिकवलं होतं. त्या दिवशी ते स्वतःसाठी, हळू आवाजात म्हणून पाहिलं. मग लगेच पुसलं.

जेवणं झाल्यावर नाना बोलले. रागाने नाही, उलट मायेनं बोलले.

"पोरी, तू हुशार शेस. पन घरनी सून बँडमांगे फिरी का? लोके काय म्हनतीन? त्या जागेवर प्रेमराज जाई. तू त्याले शिकाड."

प्रेमराज म्हणजे थोरला मुलगा. तो वाजवत नाही. वरातीतली दिव्यांची गाडी आणि जनरेटर बघतो. इंग्रजीतले त्याला जनरेटरवरचे दोन शब्द येतात, चालू आणि बंद. तो एकदम उजळला. "मी जाईन ना, नाना. अडलं कुठे तर दिपाला व्हिडिओ कॉल लावीन. ती तर घरीच असेल."

दिपमालाने समाधानकडे पाहिलं. तो ताटात बोटाने रेघा ओढत होता. नंतर ओसरीवर तिने विचारलं, "तुम्ही काही बोलणार आहात का?"

"बँडात मास्तर एकच असतो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "वाईट नको वाटून घेऊ. तुझ्यामुळेच तर सगळं जमलं."

ती भांडी घासायला बसली. भांड्यांचाही त्या दिवशी आवाज झाला नाही.

प्रेमराजची शिकवणी हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ. तो गुटखा तोंडात धरून यायचा.

"भाऊ, आधी तोंड रिकामं करा."

"तू बोल ना, मी ऐकतोय."

"बोलायचं तुम्हाला आहे."

"थोडंफार शिकव. बाकी मी हातवारे करून सांगेन." आणि तो माझ्याकडे पाठ करून मोबाइलवर कोट बघत बसायचा. बेल्जियममध्ये घालायला. ती मात्र रोज लिहायची. आपल्याच जागेचं इंग्रजी दुसऱ्याला शिकवताना माणसाचं अक्षर बिघडायला हवं की नाही? तिचं बिघडलं नाही. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

मग सत्कार झाला. गल्लीत मांडव, शाल, नारळ. एका पुढाऱ्याने भाषण केलं, 'धुळ्याचा सूर सातासमुद्रापार' वगैरे. मोठं बॅनर लागलं. त्यावर नाना, हारुनचाचा, समाधान, झाडून सगळे. प्रेमराजच्या फोटोखाली 'व्यवस्थापक व दुभाषी'. कोपऱ्यात बैलाचाही फोटो होता, त्याच्यामुळे सुरुवात झाली म्हणून. दिपमालाचा नव्हता. तिने बॅनर पूर्ण वाचलं, खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत, आणि आलेल्या बायांना सरबत द्यायला गेली.

सत्कारानंतर ते बॅनर घरात आलं आणि नेमकं माझ्या जागी लागलं. प्रेमराजने शिकणं तोवर सोडलंच होतं. मला अंगणात नेलं. पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं होतं. अक्कांनी मला आडवं टाकून बघितलं. मापात बसलो.

तेव्हापासून मी इथेच आहे. खाली पाणी, वर ऊन. एका कडेने भुसा फुगायला लागलाय. कधी माझ्यावर मिरच्या वाळतात, कधी मांजर झोपतं. तुम्हाला वाटेल, मी तक्रार करतोय. नाही. माझी विनंती एवढीच, की कुणाला माझी दया आली तरी मला पुन्हा भिंतीवर टांगू नका. झाकणाकडून कुणी इंग्रजीची अपेक्षा करत नाही.

आणि इथे पडल्यामुळेच आज दुपारचं मला ऐकायला मिळालं. मोबाइलला सगळ्यात चांगली रेंज टाकीपाशीच येते.

एल्केबाईंनी निरोप पाठवला होता. दुभाषा म्हणून नाव प्रेमराजचं आलंय. आधी दिपमालाशीच बोलायचं आहे. घर टाकीभोवती गोळा झालं. तांब्याला टेकवून मोबाइल माझ्यावर उभा केला.

"सांग, तब्येत बरी नही," नाना म्हणाले.

"त्यानं नाही भागणार," अक्का म्हणाल्या. "दिवस गेलेत म्हन. बायांले ते लगेच पटतं."

"आणि सांग," प्रेमराज म्हणाला, "की माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे."

हारुनचाचा उठले. "नाना, मी जरा चालतो," म्हणाले आणि पायात चपला न घालताच फाटकाबाहेर गेले. समाधान तिथेच राहिला. भिंतीला टेकून.

बाई दिसल्या. दिपमालाने नमस्कार केला आणि इंग्रजीत बोलायला लागली. शांत, एकसारख्या आवाजात. घरचे माना डोलवत होते. कळत होतं ते तिला, बाईंना आणि मला.

ती म्हणाली, "एल्के, माझे सासरे सांगायला सांगताहेत की माझी तब्येत बरी नाही. माझी तब्येत उत्तम आहे. सासूबाई म्हणताहेत, मी गरोदर आहे असं सांगावं. मी नाही. माझे दीर म्हणताहेत की त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते समोरच बसलेत, तुम्ही त्यांना काहीही विचारा. माझे पती काही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांचं भाषांतर करता येत नाही."

बाईंनी प्रेमराजकडे बघत, सावकाश विचारलं, "तुम्ही हिला घरी का ठेवताय?"

प्रेमराजने मनापासून हसून मान हलवली. "येस, येस. थँक्यू."

मग बाईंनी दिपमालाला एकच प्रश्न विचारला. तिने एका वाक्यात उत्तर दिलं. ते देताना तिचा हात माझ्या कडेवर होता आणि पट्टी तिच्या बोटांखाली वाकली. बाई म्हणाल्या, "ठीक. बँडचं बोलावणं आहे तसंच आहे. दुभाष्याची जागा मात्र तुझ्याच नावावर राहील, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी आजच तसं कळवते." मोबाइल बंद झाला.

"जमनं ना?" नानांनी विचारलं. "काय म्हने बाई?"

अक्का साखरेचा डबा आणायला वळल्या होत्या. प्रेमराज कोटाची बटणं लावल्यासारखा छातीवर हात फिरवत होता. दिपमालाने मोबाइल उचलून समाधानच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, या घरात आल्यापासून तिचा तेवढा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणाली:

"नाना, तुम्ही जे जे सांगायला लावलंत ते सगळं मी सांगितलं. कुणी काय सांगायला लावलं, तेही सांगितलं. जे बोलले नाहीत, ते बोलले नाहीत म्हणून सांगितलं. मग तिने मला विचारलं, तुला काय हवंय. लग्न झाल्यापासून हे मला पहिल्यांदा कुणी तरी विचारलं, आणि तेही इंग्रजीत, म्हणून माझं उत्तर तुम्हाला कळलं नाही. आता मराठीत सांगते. मी जाणार आहे."